मम्मीचा रोस्टर आधी मागून घे

पत्र : मी पाचोरा तालुक्यातली, वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मम्मी आठ वर्षांपासून दुबईत एका हॉस्पिटलात नर्स आहे. दोन वर्षांतून एकदा महिनाभर येते. मी आणि माझा १२ वर्षांचा भाऊ आजीजवळ वाढलो. आजवर ती इतर नर्सबरोबर शेअरिंगमध्ये राहायची. आता तिने एका खोलीचा स्वतंत्र स्टुडिओ घेतलाय आणि मेमध्ये आम्हा दोघांना ४५ दिवसांसाठी बोलावलंय. पप्पा शेतीमुळे येणार नाहीत. मम्मीची १२ तासांची ड्यूटी असते, तेवढा वेळ आम्ही काय करायचं? खरं सांगू का, फोनवर दहा मिनिटांच्या वर तिच्याशी बोलायची सवयच नाही. भाऊ म्हणतो, आजीशिवाय झोप येणार नाही. काय न्यावं, तिथे कसं राहावं? काका म्हणतात, जातेच आहेस तर एखादी नोकरीही बघून ठेव.

उत्तर :

आज मम्मीचा फोन आला की तिच्याकडून मे आणि जूनचा ड्यूटी रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, मागून घे. जूनचा लागला नसेल तर लागल्या दिवशी फोटो पाठवायला सांग. त्याची मोठी प्रिंट काढ आणि तिथे पोहोचल्यावर फ्रिजवर चिकटव. हे ४५ दिवस कसे जातील ते या एका कागदावर ठरणार आहे.

बारा तासांची ड्यूटी म्हणजे बहुतेक ठिकाणी सात ते सात. पण मम्मी घरातून सहालाच निघते आणि हँडओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सकडे काम सोपवून, परत येईपर्यंत साडेआठ होतात. आंघोळ, जेवण झालं की तिच्याजवळ जेमतेम तासभर उरतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाचला उठायचं असतं. नाइट असेल तर ती सकाळी साडेआठला येईल, साडेनऊला झोपेल, चारला उठेल आणि सहाला पुन्हा निघेल. नाइट संपल्यानंतरचा पहिला ऑफ हा नावाचाच ऑफ असतो, तो दिवस झोपेतच जातो. आठवड्याला चार ड्यूटी धरल्या तर ४५ दिवसांत तिचे पूर्ण जागे, मोकळे दिवस बारा-पंधराच निघतील. हे आधी ठाऊक असलं की तिथे गेल्यावर 'बोलावलं कशाला मग' असं मनात येत नाही. भावालाही हा हिशेब निघण्याआधी समजावून सांग, तो बारा वर्षांचा आहे, त्याला समजतं.

रजेचंही बोलून घे. मम्मीच्या मनात असेल की सगळी रजा पहिल्याच आठवड्यात घ्यावी, मुलांना दुबई दाखवावी. तसं करू देऊ नकोस. पहिले तीन दिवस पुरेत, दोन दिवस मधे आणि उरलेली रजा शेवटच्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात तुम्ही तिघंही एकमेकांना बिचकून असता, नुसतं फिरणं होतं, बोलणं होत नाही. महिनाभर एका खोलीत राहिल्यावर जी रजा मिळते ती खरी उपयोगाची.

नाइट ड्यूटीचे दिवस सगळ्यात अवघड, कारण खोली एकच आहे. त्या दिवसांचे नियम पक्के ठरवा. कुकर, मिक्सर, चटणी वाटणं, जे काही आवाजाचं असेल ते सकाळी आठच्या आत उरकायचं. डाळ आदल्या रात्रीच भिजवून ठेव, म्हणजे कुकर लावायचा राहिला तरी शिट्टीच्या नादी न लागता ती पातेल्यात शिजवता येईल. दाराच्या बेलशेजारी 'बेल वाजवू नये' अशी इंग्रजीत चिठ्ठी लाव, नाहीतर पाण्याचा कॅन देणारा माणूस नेमका अकराला येतो. जाड काळ्या कापडाचा आठ-दहा फुटी पडदा आणि दोरी इथूनच घेऊन जा, पलंगाभोवती लावला की अंधारही होतो आणि तुम्हाला पलीकडे बसता येतं. साडेतीनला चहाचं आधण ठेव, चारला जेवण तयार असू दे. नाइट करणाऱ्या माणसाला उठल्यावर गरम, साधं जेवण मिळणं ही फार मोठी गोष्ट असते, आणि आठ वर्षांत तुझ्या मम्मीला ते क्वचितच मिळालं असेल.

मधले पाच-सहा तास मात्र भावाला खोलीत कोंडून ठेवू नकोस. त्याला घेऊन बाहेर पडता यावं म्हणून पहिल्या ऑफला मम्मीबरोबर मेट्रोचा एक मार्ग पाठ करा. पहिल्यांदा तिने न्यायचं, दुसऱ्यांदा तू पुढे चालायचं आणि तिने मागून यायचं. चुकलीस तर तिने लगेच बोलायचं नाही, हेही ठरवून घ्या. मेट्रोला नोल कार्ड लागतं. साधं सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम शिल्लक असतात. जवळच्या अंतराला ३, त्याहून लांब ५ आणि सगळ्यात लांब साडेसात दिरहम कापले जातात. भावाचं कार्ड वेगळं घे. डब्यात आणि स्टेशनात खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम, सगळ्याला १०० दिरहम दंड आहे, तेव्हा त्याच्या खिशातली शेंगदाण्याची पुडी बाहेर आल्यावरच निघाली पाहिजे. रस्ता झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडा, मधूनच पळालात तर ४०० दिरहम. आपल्याकडे स्टँडसमोर पळत रस्ता ओलांडायची सवय असते, ती तिथे महाग पडते.

जायला जागा भरपूर आहेत आणि सगळ्याच महागड्या नाहीत. अल जद्दाफ भागात २०२२ मध्ये सुरू झालेली मोहम्मद बिन राशिद लायब्ररी आहे, क्रीक मेट्रो स्टेशनजवळ. थंड, शांत, मुलांचा वेगळा विभाग असलेली. नाइटच्या दिवसांत मी तुला हीच जागा आधी सुचवीन. बर दुबईहून देऱ्याला जाणारी जुनी लाकडी होडी, अब्रा, एका दिरहममध्ये खाडी ओलांडून देते, भावाला ती मॉलपेक्षा जास्त आवडेल. पण होडी, बाग हे सगळं संध्याकाळी. मे-जूनमध्ये दुपारी बाहेर फिरायचं नाही.

'आपल्याला काय, आपण जळगावचा ४५ डिग्रीचा मे काढतो' असं मनात येईल. तिथलं ऊन वेगळं आहे. आपल्याकडची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंग थंड होतं. दुबई समुद्राकाठी आहे, हवेत दमटपणा असतो, घाम वाळतच नाही आणि शरीरातली उष्णता आतच राहते. थर्मामीटर ४० दाखवत असला तरी तासाभरात गळून जायला होतं. त्यात आत एसी, बाहेर भट्टी, असं दिवसातून चार वेळा झालं की अंगाला त्रास होतो. एसी २४ वर ठेवा, बाहेर जाताना एक सुती ओढणी जवळ ठेव आणि बाहेरून आल्या आल्या एसीच्या झोताखाली उभं राहू नका.

घराच्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी मम्मीसमोर स्वतःच्या हाताने करून बघ, नुसत्या ऐकू नकोस. पहिली गोष्ट दार. बहुतेक फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप लॉक होतं. कचरा टाकायला मजल्यावरच्या कचराखोलीपर्यंत गेलात आणि किल्ली आत राहिली तर मम्मी संध्याकाळी येईपर्यंत पॅसेजमध्ये बसावं लागेल. किल्ली गळ्यातल्या दोरीला बांध. दुसरी गोष्ट गिझर. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाला चटका बसतो. लोक तेव्हा गिझर बंद करून टाकतात आणि त्यातलं घरात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतात, म्हणजे नळाची उलटापालट होते. मम्मी हे सवयीने करते, सांगायचं विसरेल. तिसरी गोष्ट कपडे. गॅलरीत बाहेरून दिसतील असे वाळत घालायचे नाहीत, नगरपालिका दंड करते, आतल्या स्टँडवर घालायचे.

चौथी गोष्ट शेगडी, आणि इथे आपल्या खान्देशी माणसाचा जीव अडकतो. शेगडी गॅसची आहे की इलेक्ट्रिक, हे आजच विचारून घे. छताला स्मोक डिटेक्टर असतो. वांगं थेट आचेवर भाजलंस किंवा ठेच्यासाठी मिरच्या करपवल्यास तर अलार्म वाजून सगळा मजला गोळा होईल. भरीत ओव्हनमध्ये कर. वांग्याला तेलाचा हात लाव, सुरीने सात-आठ ठिकाणी खोल टोचे दे (नाही दिले तर आत वाफ कोंडून वांगं फुटतं), जाळीवर ठेवून खाली ताट ठेव आणि २३० डिग्रीला चाळीस-पन्नास मिनिटं भाज, मधे एकदा उलट. देठाजवळ दाबल्यावर बोट रुतलं की झालं. धुराचा वास येणार नाही, पण कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा चांगला असेल तर मम्मी बोटं चाटत खाईल. फोडणी देताना चिमणी आधी सुरू कर, नंतर नाही.

कळण्याचं पीठ दोन-तीन किलो ने, ज्वारीला चारास एक उडीद असं निघायच्या आठवड्यातच दळून आण. ज्वारीचं पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडा चिरतात. तिथे गेल्यावर पीठ फ्रिजमध्येच ठेव. तरी चिरलीच तर पाणी उकळून घे, त्यात पीठ ढवळ, पाच मिनिटं झाकून ठेव आणि मग मळ. इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी आचेवर फुगवता येत नाही, तेव्हा जड तवा घे आणि उलटल्यावर कापडाच्या बोळ्याने कडेने दाबत जा.

बाकी सामानात ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, जाड तिखट शेव, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला. एवढंच. तांदूळ, डाळ, तेल नेऊ नकोस, करामा आणि बर दुबईच्या दुकानांत सगळं मिळतं. बॅगेचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घे.

पण हे नीट वाच आणि आजीलाही वाचून दाखव : खसखस अजिबात न्यायची नाही. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात आणि त्यापायी लोकांना अटक झाली आहे. पुडी नको हे तर झालंच, पण काळ्या मसाल्यातही घालायची नाही, अनारसे न्यायचे नाहीत, विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर घटक वाचल्याशिवाय बॅगेत टाकायचं नाही. मसाला डंकावर कुटायला देत असाल तर तुमच्या आधी तिथे कोणाचा खसखशीचा मसाला झालाय का, तेही विचारा. विड्याची पानं, गुटखा, तंबाखूची मिश्री यांनाही बॅगेत जागा नाही. खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं म्हणून बंदी आहे. खोबरं तिकडेच घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही.

औषधांचंही असंच कडक आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या यांना तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. तुम्हा दोघांपैकी कोणाला नेहमीचं औषध असेल तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ स्ट्रिप बरोबर ठेव, सुट्या गोळ्या डबीत नकोत. औषधांची नावं मम्मीला आधी पाठव, ती नर्स आहे, एका नजरेत सांगेल. दोघांचाही प्रवास विमा काढ. तिथे साधं ताप-उलटीचं बिलही जड जातं.

कागदपत्रांत तीन ठिकाणी लोक अडकतात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, भावाचा आत्ताच काढून बघ. दुसरं, पासपोर्टवर आडनाव कोरं सोडून नुसतं एकच नाव असेल तर व्हिजिट व्हिसा अडतो. गावाकडे घाईत भरलेल्या फॉर्ममध्ये ही चूक बरीच दिसते. तसं असेल तर दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव किंवा आडनाव आहे का ते बघा आणि तिकीट काढण्याआधी एजंटकडून लेखी खात्री करून घ्या. तिसरं, भाऊ अठरा वर्षांखालचा आहे आणि आईवडिलांशिवाय प्रवास करतोय. पप्पांचं इंग्रजीतलं नोटरी केलेलं संमतिपत्र, मम्मीचं नाव असलेला जन्मदाखला आणि मम्मीच्या एमिरेट्स आयडीची, म्हणजे तिथल्या ओळखपत्राची, प्रत, हे तिन्ही कागद हातातल्या बॅगेत हवेत. बहीण सोबत असल्यावर काही वेगळा फॉर्म लागतो का, ते एअरलाइनला फोन करून विचार.

व्हिसा ३० दिवसांचा किंवा ६० दिवसांचा मिळतो. तुम्ही ६० चाच घ्या. मुदत उतरल्या दिवसापासून मोजायची. उलटून गेली तर माणशी रोज ५० दिरहम दंड.

सकाळचं विमान असेल तर रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. भुसावळ लाइनच्या गाड्या कधी लेट होतील सांगता येत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा, ठाण्याला किंवा दादरला उतरून टर्मिनल २ ला जा आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचा.

काकांना सांग, व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, चार दिवसांचं ट्रायल म्हणूनही नाही. आधी डिग्री पूर्ण कर, मग रीतसर ऑफर आणि रीतसर व्हिसा.

फोनचं आत्ताच करून ठेव. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. मम्मी ज्या ॲपवरून फोन करते, बहुधा बोटिम, ते आजीच्या आणि पप्पांच्या फोनवर निघण्याआधी घालून दोनदा लावून बघ. तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे वाजतात. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे सात. भावाचा आजीशी फोन याच वेळेला रोज ठरवून टाक. वेळ ठरलेली असली की दिवसभर 'आजीला लाव' चालत नाही. त्याची गोधडी बरोबर ने. जागा खाईल, तरी ने. पहिल्या रात्री त्याला मम्मीजवळ झोपायला ढकलू नका. तो चार वर्षांचा असताना ती गेली, त्याच्या अंगाला तिची सवय नाही. तू मधे झोप, तो कडेला. आठ-दहा दिवसांत तो आपण होऊन जागा बदलेल. नाहीच बदलली तरी ती मम्मीची हार नाही, हे तिला तूच सांगायचंस, आजीने किंवा पप्पांनी सांगून तिला पटणार नाही.

आता तुझं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती दहा मिनिटं. मम्मीला माहीत असलेली तू अकरा वर्षांची आहेस. ती तुझ्यासाठी तेव्हा आवडायचं ते करून ठेवेल, केस विंचरायला बसवेल, कॉलेजचं विचारताना शाळेचं विचारल्यासारखं विचारेल. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचा कंटाळा येतो आणि तोंडून नेमकं वाक्य निघतं, 'आजी असं नाही करत.' हे वाक्य ४५ दिवसांत एकदाही येऊ देऊ नकोस. आजीने तुम्हाला वाढवलं ही गोष्ट मम्मीला रोज आठवते, त्याला तुझ्या तोंडचा पुरावा नको. आजीची पद्धत सांगायचीच असेल तर विचारून सांग : 'मम्मी, भाकरीला मी उकळतं पाणी घालू का?'

तिच्या बाजूचंही बघ. आठ वर्षं ती एकटी किंवा अनोळखी बायकांबरोबर राहिली आहे. भांडी कुठल्या क्रमाने लावायची, टॉवेल कुठे, दिवा किती वाजता बंद, हे सगळं तिचं ठरलेलं आहे आणि तुम्ही दोघं ते सगळं विस्कटणार आहात. पहिले आठ दिवस तिच्या स्वयंपाकघरातली एकही वस्तू हलवू नकोस, लावालावी करून देण्याचा मोह होईल तरी. ती ड्यूटीवरून आल्यावर दारातच प्रश्न विचारू नकोस, युनिफॉर्म बदलून, आंघोळ करून बाहेर येऊ दे. दिवसभर आजारी माणसं पाहून आलेल्या बाईला अर्धा तास गप्प बसायचं असतं.

बोलणं समोरासमोर बसून सुरू होत नाही, हाताला काम असलं की होतं. रोज एक काम दोघींनी मिळून करा. युनिफॉर्मची इस्त्री, मेथी निवडणं, बिबडे भाजणं, काहीही. तिला विचार की पहिल्या महिन्यात ती कुठे राहायची, पहिला पगार कशाला गेला, नाइटला भूक लागली की काय खाते. घरच्या कोणी तिला हे विचारलेलं नसतं, सगळे 'कधी येतेस' एवढंच विचारतात. आणि तूही तिला खरं सांग, मार्क, मैत्रिणी, पुढे काय करायचंय. भांडण होईल. झालं तर रोस्टर बघ, ड्यूटीच्या आदल्या रात्री वाद न लांबवता 'ऑफला बोलू' म्हण आणि ऑफला नक्की बोल.

फोटो काढताना आजूबाजूची माणसं फ्रेममध्ये घेऊ नकोस. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं आणि टाकणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. मम्मीच्या हॉस्पिटलात तर मोबाइल खिशातच.

शेवटच्या आठवड्यात मम्मी तुला सोन्याच्या दुकानात नेईल. भारतात सोनं आणताना मिळणारी कस्टमची सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना असते, ४५ दिवसांच्या पाहुण्याला नाही. तू आणलंस तर मुंबईला कस्टम ड्यूटी भरावी लागेल, आणि न सांगता आणलंस तर जप्तीही होऊ शकते. चेन-कानातलं घ्यायचं असेल तर मम्मी तिच्या पुढच्या सुट्टीत स्वतः घेऊन येऊ दे, पावती तिच्या नावाची. तिची ती सुट्टी कधी आहे, हे मात्र तू निघायच्या आधी तिच्याकडून तारखेसकट लिहून घे आणि भावाची परीक्षा, तुझं सेमिस्टर, कापूस वेचणी असं काही आड येतंय का ते तिथेच बसून दोघींनी बघून ठेवा.